नकाशावरील रिग्रेशन : लंडनच्या पटकीचा धडा

संगणकावर नकाशे काढण्याचीं साधनें आज सामान्य विद्यार्थ्याच्याहि हातीं आलीं आहेत. २००२ सालीं सुरू झालेलें क्यूजीआयएस आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेलें जिओडा हीं दोन्ही साधनें विनामूल्य मिळतात. पहिल्यांत नकाशा रेखाटावा, दुसऱ्यांत त्यावरील आंकड्यांचें गणित करावें, अशी सोय झाली आहे. पूर्वी ज्या हिशेबाला महिनेच्या महिने लागत, तो आतां कळ दाबतांच पुरा होतो. नवशिक्याची खरी अडचण मात्र येथेंच सुरू होते. उत्तर मिळणें आणि मिळालेलें उत्तर समजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि रिग्रेशन नांवाच्या गणितांत तर या दोहोंतील अंतर फारच मोठें आहे. तें किती मोठें असूं शकतें, याचा दाखला एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरानें ठेवून दिला आहे.

प्रथम रिग्रेशन म्हणजे काय तें पाहणें इष्ट. अनुभवी शिंप्यासमोर गिऱ्हाईक उभें राहिलें, कीं सदऱ्याला किती कापड लागेल याचा अंदाज तो त्याच्या उंचीवरून मनांतल्या मनांत बांधतो. उंचींत एवढी वाढ, तर कापडांत एवढी वाढ, हें प्रमाण त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. तरीहि प्रत्यक्ष बेततांना कधीं वीतभर कापड उरतें, कधीं कमी पडतें. कारण सारींच माणसें केवळ उंचीनें मोठीं नसतात, कांहीं रुंदीनेंहि असतात. रिग्रेशनचें गणित तें हेंच. एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारें सूत्र शोधावयाचें, आणि अंदाज व वस्तुस्थिति यांत जें अंतर राहील त्याची नोंद ठेवावयाची. या अंतराला 'शेष' म्हणावें. सूत्र असें निवडतात, कीं सर्व शेषांच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान व्हावी. ही रीति फ्रेंच गणिती लजांद्र यांनीं १८०५ सालीं प्रसिद्ध केली. 'रिग्रेशन' हा शब्द मात्र पुष्कळ पुढचा. फ्रान्सिस गॉल्टन यांना आईबापांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करतांना असें आढळलें, कीं फार उंच आईबापांचीं मुलें सरासरी उंचीकडे थोडींशीं परततात. १८८६ सालच्या निबंधांत त्यांनीं या परतण्याला जें नांव दिलें, तें पुढें साऱ्या गणितालाच चिकटलें. मराठींत त्यास 'प्रतीपगमन' म्हणतात. पण रिग्रेशन हा शब्दच आतां रुळला आहे.

आतां श्रोत्यांनीं क्षणभर १८४९ सालचें लंडन डोळ्यांपुढें आणावें. शहरांत पटकीनें थैमान घातलें होतें, आणि त्या साथींत एकट्या लंडनमध्यें चौदा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. रोग कशानें पसरतो हें कोणास निश्चित ठाऊक नव्हतें. कुजक्या घाणींतून निघणारी दूषित हवा हेंच त्याचें मूळ, असें बहुतेक डॉक्टर व अधिकारी मानीत. जन्ममृत्यूंच्या नोंदणीच्या सरकारी कचेरींत विल्यम फार नांवाचे अत्यंत सचोटीचे व कष्टाळू संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनीं शहराच्या प्रत्येक नोंदणी-विभागाचे मृत्यु मोजले, लोकसंख्येशीं त्यांचें प्रमाण काढलें, आणि घरांच्या किंमती, वस्तीची दाटी, पाणीपुरवठा, जमिनीची उंची अशा अनेक गोष्टींशीं तें ताडून पाहिलें. १८५२ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

सर्वांत नजरेंत भरला तो उंचीचा संबंध. थेम्स नदीच्या भरतीच्या ठराविक खुणेपासून फार यांनीं विभागांची उंची धरली होती. २० फुटांहून कमी उंचीच्या विभागांत दर १०,००० वस्तीमागें १०२ माणसें मेलीं होतीं. २० ते ४० फुटांच्या टप्प्यांत हा आंकडा ६५ होता. ४० ते ६० मध्यें ३४, ६० ते ८० मध्यें २७, ८० ते १०० मध्यें २२, आणि १०० ते १२० मध्यें अवघा १७. पायरी चढावी तसा मृत्यु उतरत होता. फार यांनीं या उताराचें सूत्रहि बसविलें, आणि सूत्रानें काढलेले आंकडे प्रत्यक्ष आंकड्यांशीं विलक्षण जुळले. नदीकांठच्या सखल भागांत दूषित हवा दाट असते, उंचावर ती विरळ होते, या समजुतीला जणू गणिताचाच शिक्का मिळाला.

हें केवळ कागदावरचें मत नव्हतें. घाणीचा वास म्हणजेच रोग, असें मानून त्या काळांत लंडनचीं गटारें पाण्याच्या लोटानें धुऊन काढण्याचा धडाका चालला होता. घरांजवळची घाण गेली, पण ती गेली थेम्समध्यें. आणि त्याच थेम्सचें पाणी उपसून कंपन्या लाखों लोकांना पाजीत होत्या. चुकीचें कारण धरलें म्हणजे उपायहि कसा उलटतो, हें यावरून दिसतें.

फार यांचे हे आंकडे आजहि उपलब्ध आहेत. 'आर' नांवाच्या संख्याशास्त्रीय प्रणालीसाठीं तयार केलेल्या 'हिस्टडेटा' या विनामूल्य संग्रहांत लंडनच्या ३८ विभागांचा तक्ता मिळतो. त्यांत मृत्यूचें प्रमाण, उंची, घरांची स्थिति आणि पाणी कोठून येई तें, असे स्तंभ आहेत. रिग्रेशन शिकूं इच्छिणारास याहून चांगला अभ्यास सांपडणें कठीण. कारण तक्ता लहान आहे, आणि खरें उत्तर काय तें इतिहासानें आधींच सांगून ठेवलें आहे.

कामाची सुरुवात नकाशापासून होते. जुन्या लंडनच्या नकाशाचें चित्र क्यूजीआयएसमध्यें घ्यावयाचें, त्यावरील ओळखीच्या जागा आजच्या नकाशाशीं जुळवून तें योग्य ठिकाणीं बसवावयाचें, आणि मग प्रत्येक विभागाची सीमा गिरवून बंदिस्त आकृति तयार करावयाची. नंतर विभागाच्या नांवावरून तक्ता या आकृतींना जोडावयाचा. येथें एक बारीक फट असते. तक्त्यांत एका विभागाचें नांव संक्षिप्त लिहिलेलें आणि नकाशांत तेंच पुरें लिहिलेलें असलें, तर संगणकाला तीं दोन नांवें वाटतात. तो तक्रार करीत नाहीं; त्या विभागाची जागा मुकाट्यानें रिकामी ठेवतो. म्हणून जोडणी झाल्यावर भरलेल्या ओळी मोजाव्या; त्या अडतीसच्या अडतीस भरल्या पाहिजेत.

दुसरी पायरी नुसतें पाहण्याची. गणित करण्यापूर्वीं मृत्यूच्या प्रमाणानुसार नकाशा रंगवावा, आणि शेजारीं उंची व मृत्यु यांचा ठिपक्यांचा आलेख काढावा. आलेखांत दोन गोष्टी चटकन दिसतात. पहिली ही, कीं ठिपके सरळ रेषेंत नाहींत. सखल भागांत उतार तीव्र आहे आणि वर गेल्यावर तो सपाट होत जातो. अशा ठिपक्यांतून सरळ रेषा ओढली, तर फार उंच जागीं मृत्यु उणे येतील, आणि उणे मृत्यु कोठेंच होत नसतात. दुसरी गोष्ट ही, कीं हँपस्टेड हा विभाग सुमारें ३५० फूट उंचीवर एकटाच दूर उभा आहे, बाकीचे सारे १२० फुटांच्या आंत दाटले आहेत. असा एकांडा ठिपका रेषेला स्वतःकडे ओढतो. तो वगळून एकदां आणि धरून एकदां, असें दोनदां गणित करून उत्तर किती बदलतें तें पाहणें शहाणपणाचें.

वक्र उताराला सरळ करण्यासाठीं आंकड्यांचे लॉगॅरिथम घेण्याचा प्रघात आहे. परंतु लंडनच्या कांहीं विभागांची उंची शून्य वा भरतीच्या खुणेच्याहि खालीं होती, आणि शून्याचा लॉगॅरिथम निघत नाहीं. म्हणून आधीं प्रत्येक उंचींत एक ठराविक संख्या मिळवावी लागते. फार यांच्या सूत्रांतहि उंचींत अशीच एक संख्या मिळविलेली होती. एवढी तयारी झाली, कीं जिओडामध्यें रिग्रेशनची खिडकी उघडावी, मृत्यूचें प्रमाण ही अवलंबी राशि व उंची ही स्वतंत्र राशि म्हणून नेमावी, आणि कळ दाबावी.

मग जो आंकड्यांचा ढीग पडद्यावर येतो, त्यांत नवशिका बहुधा एकाच आंकड्याकडे धांव घेतो. तो म्हणजे आर-वर्ग. मृत्यूंतील चढउतारांपैकीं किती भाग सूत्रानें पकडला, हें तो सांगतो. एकाच्या जितका जवळ, तितकें सूत्र घट्ट. तो मोठा दिसला कीं विद्यार्थी समाधानानें खुर्चीला टेकतो. परंतु सूत्र कां जुळलें याविषयीं हा आंकडा एक अक्षरहि बोलत नाहीं. फार यांचें सूत्रहि उत्तम जुळलें होतें. उंची हें मृत्यूचें कारण असो, वा खऱ्या कारणाची नुसती सोबतीण असो, गणिताला दोन्ही सारखींच.

यापुढील पायरी केवळ नकाशाच्या साधनामुळेंच सोपी झाली आहे, आणि या विद्येचें सारें मर्म तिच्यांत आहे. जिओडा प्रत्येक विभागाचा शेष तक्त्यांत एका नव्या स्तंभांत लिहून ठेवतें. तो स्तंभ नकाशावर रंगवावा. अंदाजाहून मृत्यु अधिक झाले तेथें तांबडा रंग, कमी झाले तेथें निळा, अशी विभागणी करावी. उंची हेंच पुरें कारण असतें, तर तांबडे व निळे विभाग अक्षता टाकल्यासारखे कसेहि विखुरले असते. प्रत्यक्षांत तसें दिसत नाहीं. थेम्सच्या दक्षिण तीरावरील बरेच सखल विभाग तांबडे होतात. रॉदरहाइथ येथें तर दर १०,००० मागें दोनशेंहून अधिक मृत्यु झाले होते. उलट उत्तर तीरावरील, जवळजवळ तितकेच सखल असे कांहीं विभाग निळे राहतात. १०२ ही सखल भागाची सरासरी दोन निराळीं दैवें पोटांत घालून बसली होती. टप्प्यांच्या तक्त्यांत तें भेद दिसले नसते. नकाशावर ते लपत नाहींत.

हे घोळके डोळ्यांचा भास आहेत कीं खरे, हें तपासण्यासाठीं मोरान यांचा निर्देशांक वापरतात. पी. ए. पी. मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञांनीं तो १९५० सालीं मांडला. शेजाऱ्याचा शेष शेजाऱ्यासारखा असेल, तर निर्देशांक एकाकडे झुकतो. तसें नातें नसेल, तर शून्याच्या आसपास राहतो. मात्र शेजारी कोणाला म्हणावें, हें आधीं शिकणारानेंच ठरवावयाचें असतें. थेम्सच्या दोन तीरांवर समोरासमोर असलेले विभाग शेजारी समजावयाचे, कीं मधल्या नदीमुळें परके? संगणक या प्रश्नाचें उत्तर सीमांच्या रेघांवरून देतो. माणसानें तें पुलांवरून, रस्त्यांवरून आणि येथें तर पाण्याच्या नळांवरून दिलें पाहिजे. शिवाय शेष घोळक्यानें आले, म्हणजे ३८ विभाग हे ३८ स्वतंत्र साक्षीदार राहत नाहींत. एकाच घरांतल्या चौघांची साक्ष जशी एकाच साक्षीच्या मोलाची, तसेंच हें. म्हणून अशा वेळीं सूत्राच्या खात्रीचे जे आंकडे संगणक दाखवितो, त्यांवर पुरा भरंवसा ठेवतां येत नाहीं.

तांबडा घोळका दिसला, कीं विचारावयाचा प्रश्न एकच : या विभागांत सामायिक असें काय आहे, जें सूत्रांत घेतलेलें नाहीं? लंडनपुरतें उत्तर तक्त्याच्याच एका स्तंभांत होतें. थेम्सचें पाणी वरच्या अंगाला क्यू व हॅमरस्मिथ येथें उपसून घेणाऱ्या विभागांत दर १०,००० मागें १५ मृत्यु झाले होते. न्यू रिव्हर, ली इत्यादि दुसऱ्या प्रवाहांचें पाणी पिणारांत ४८. आणि बॅटरसीपासून वॉटर्लू पुलापर्यंत, म्हणजे शहराचीं गटारें जेथें नदींत मिसळत त्या पट्ट्यांतून पाणी घेणारांत १२३. हा हिशेब फार यांनींच केलेला होता. परंतु उंचीची पायरी त्यांना अधिक रेखीव वाटली, आणि पाणी मागें राहिलें. वस्तुतः सखल विभागांपैकीं पुष्कळांत हेंच पाणी जात असे. उंची ही पाण्याची सावली होती.

हा स्तंभ सूत्रांत घालण्याची रीति सोपी आहे. पाण्याचे तीन वर्ग असल्यानें 'होय' ला एक व 'नाहीं' ला शून्य असे दोन स्तंभ करावयाचे. दोन्हींत शून्य असेल तो विभाग आपोआप तिसऱ्या वर्गांतला. मग गणित पुनः करून शेषांचा नकाशा पुनः रंगवावा, आणि पहिल्या नकाशाशीं तो ताडून पाहावा. बिंगहॅम, व्हर्लंडर व चील या संशोधकांनीं २००४ सालीं फार यांचेच आंकडे आधुनिक रीतीनें पुनः तपासले, तेव्हां पाणीपुरवठ्याचें महत्त्व त्यांतून स्पष्टपणें पुढें आलें. सत्य तक्त्यांत होतें. उणीव होती ती तें विचारण्याची. तथापि सावधगिरीची एक गोष्ट येथेंहि आहे. उंची व पाणी हीं एकमेकांत गुंतलेलीं असल्यामुळें कोणाचा वांटा किती, हें ३८ ओळींच्या तक्त्यावरून काटेकोर सांगतां येत नाहीं. आणि विभागाची सरासरी ही त्यांतील प्रत्येक घराची हकीगत नव्हे.

ही शेवटची गांठ सोडविली ती डॉक्टर जॉन स्नो यांनीं. पटकी पाण्यावाटे पसरते, हें मत त्यांनीं १८४९ सालींच मांडलें होतें. १८५२ सालीं लँबेथ कंपनीनें आपलें पाणी उपसण्याचें ठिकाण शहराच्या वर थेम्स डिटन येथें हलविलें. सदर्क व व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीचेंच पाणी देत राहिली. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागांत या दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच गल्लींत शेजारींशेजारीं गेले होते. तीच उंची, तीच हवा, तींच माणसें. फरक काय तो नळाचा. १८५४ सालीं साथ पुनः आली, तेव्हां स्नो मृत्यु झालेल्या घरांच्या दारोदार फिरले. पत्त्यांची यादी मिळण्यास साहाय्य केलें तें फार यांच्याच कचेरीनें. कित्येक घरांत कंपनीचें नांवहि कोणास ठाऊक नसे. तेथें स्नो पाण्याचा नमुना घेऊन सिल्व्हर नायट्रेटनें त्यांतील मीठ पारखीत. कारण सदर्क कंपनीच्या पाण्यांत मिठाचा अंश दुसरीच्या सुमारें चाळीसपट होता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : दर १०,००० घरांमागें सदर्क व व्हॉक्सहॉलच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यु, लँबेथच्या गिऱ्हाइकांत ३७, आणि उर्वरित लंडनमध्यें ५९.

ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढल्याची हकीगत व स्नो यांचा ठिपक्यांचा नकाशा जगप्रसिद्ध आहेत. पण शिकणाराच्या दृष्टीनें ही दारोदारची वणवण अधिक मोलाची. नकाशानें व गणितानें प्रश्न नेमका करून दिला, तरी उत्तर आणण्यासाठीं कोणाला तरी घराची कडी वाजवावी लागते. फार यांच्याविषयींहि न्याय केला पाहिजे. १८६६ सालीं पूर्व लंडनमध्यें पटकी उसळली, तेव्हां त्यांनीं जुना आग्रह सोडून पाण्याचा माग काढला, आणि तेथील पाणीकंपनीकडे बोट दाखविलें. स्नो त्यापूर्वीं आठ वर्षें, १८५८ सालीं वारले होते. रॉबर्ट कॉख यांनीं पटकीच्या जंतूची शुद्ध लागवड कलकत्त्यास केली, ती १८८४ च्या आरंभीं. तोंवर फारहि गेले होते.

या इतिहासावरून विद्यार्थ्यानें आपल्यासाठीं चार नियम बांधून घ्यावे. तक्ता जोडल्यावर ओळी मोजाव्या. सूत्र बसविण्यापूर्वीं आलेख पाहावा. आर-वर्ग वाचून थांबूं नये, शेष नकाशावर रंगवावे. आणि शेषांचा घोळका दिसला, तर नवीं सूत्रें हुडकण्याआधीं त्या जागेची माहिती असलेल्या माणसाला विचारावें. स्थानानुसार बदलणारें रिग्रेशन, शेजाऱ्याचा प्रभाव धरणारें रिग्रेशन, अशा पुढच्या रीतिहि तयार आहेत, आणि त्या उपयुक्तहि आहेत. पण सुटलेलें कारण त्या आपण होऊन शोधून देत नाहींत. आपल्याकडच्या एखाद्या शहरांतील प्रभागवार तापाचे वा कावीळीचे आंकडे घेऊन कोणी विद्यार्थी उद्यां हेंच गणित मांडील, तेव्हां त्याच्या नकाशावरचा तांबडा डाग म्हणजे आंकड्यांतली चूक नव्हे, तर बहुधा कोठला तरी गळका नळ वा अस्वच्छ टांकी आहे, एवढें त्यानें ध्यानांत ठेवावें, आणि तेथें जाऊन पाहावें.